मागणीबरहुकूम चित्र

संकेतस्थळावरील मूळ छायाचित्र एकच असते. ते पाहणारे पडदे मात्र लहानमोठे असतात. प्रत्येक आकाराची प्रत आधीच करून ठेवावी, तर पुष्कळशा प्रती कोणी मागतच नाही. ॲमेझॉनने २०१४ साली जाहीर केलेल्या ‘लॅम्डा’सारख्या सेवेमुळे निराळा मार्ग खुला झाला. मागणी येताच एक छोटा प्रोग्रॅम चालतो, चित्र हव्या त्या आकारात, वेबपीसारख्या हलक्या स्वरूपात उतरवितो आणि थांबतो. शुल्क पडते ते मागण्यांचे व तेवढ्याच वेळेचे. ती प्रत जपून ठेवली, की पुढील वाचकास लगेच मिळते. परंतु वाटेल तो आकार मागण्याची मुभा असेल, तर एखादा खोडसाळ इसम हजारो निरनिराळे आकार मागून चालकाचे बिल फुगवील. यास्तव मोजके आकार ठरवून बाकीच्या मागण्या नाकारणे, हेच शहाणपणाचे होय.