हाड जुळलं, मग पेशंट बरा का नाही?

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली. अपघातात वडिलांच्या कमरेच्या हाडाचे तुकडे झाले, ऑपरेशन झालं, सात महिन्यांनी डॉक्टर म्हणतात एक्सरे उत्तम. मग वडील पंधरा मिनिटंही बसू का शकत नाहीत? आज मला याच्यावरच बोलायचं होतं.

पेल्विस हे एक हाड नव्हे. दोन बाजूंना दोन मोठी हाडं आणि मागे मधोमध त्रिकास्थी, असं ते कडं आहे. काचेची बांगडी दाबून बघा, एका जागी मोडून भागत नाही. धडाचं सगळं वजन मागच्या दोन सांध्यांतून पायांत उतरतं. त्यामुळे पुढची मोड कितीही भयंकर दिसो, पुढचं चालणं-बसणं बरंचसं मागे काय झालं यावर ठरतं.

आणि मागेच नसा आहेत. पाऊल वर उचलायला लावणारी नस त्रिकास्थीला अगदी खेटून जाते. लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसा त्रिकास्थीतूनच बाहेर पडतात. हाड साधारण तीन महिन्यांत जुळतं. तुटलेली नस वाढलीच तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कमरेपासून गुडघ्याखालच्या स्नायूपर्यंत अर्धा मीटर धरा, म्हणजे पाचशे दिवस झाले! एक्सरेत यातलं काही दिसत नाही.

म्हणून १९८९ मध्ये मजीद या सर्जननी शंभर गुणांची मोजणी मांडली. वेदनेला ३०, उभं राहणं-चालणं याला ३६, कामाला २०, बसण्याला १० आणि लैंगिक संबंधांना ४. आधी काम न करणाऱ्यांची बेरीज ८० वरच थांबते. आता आपल्याकडे घर आणि शेत दोन्ही ओढणाऱ्या बाईचा फॉर्म भरताना 'काम नाही' असं लिहिलं, की तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तोटा मोजलाच जात नाही. मांडी घालणं, उकिडवं बसणं हेही त्यात वेगळं विचारलेलं नाही. मोजणी चांगलीच आहे हो, पण आपले दोन-तीन प्रश्न तिला जोडावे लागतात.

आता ताईंचा प्रश्न. हाड जुळलं म्हणजे ते मूळ जागी जुळलं असं नाही. एक बाजू सेंटीमीटरभर वर सरकून जुळली, तर बसताना एकाच बाजूवर भार येतो, तो पायही आखूड वाटतो. तेव्हा डॉक्टरांना विचारा, किती सरकून जुळलंय? मागचा सांधा दुखतोय का, हे तपासायला सांगा. पावलातली ताकद बघायला सांगा. आणि लघवीला जोर करावा लागतो का, लैंगिक तक्रार आहे का, हे वडिलांना मुलीसमोर सांगता येणार नाही. त्या तपासणीच्या वेळी तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा.