पदवीनंतरची वाट आणि तिचा वाटाड्या

मुलाची पदवीची परीक्षा जवळ आली, कीं घरांत एक प्रश्न वारंवार ऐकूं येऊं लागतो : "पुढें काय?" आजोबा तो पानावर बसल्यावर विचारतात, काका दिवाणखान्यांत विचारतात, आणि लग्नकार्यांत भेटणारे दूरचे आप्तहि तोच विचारतात. प्रत्येकापाशीं एकेक उत्तर तयार असतें. कोणाला बँकेची नोकरी निर्धास्त वाटते, कोणाला परदेशचा मार्ग दिसतो, तर कोणाच्या मतें स्पर्धापरीक्षेवांचून तरणोपाय नाहीं. या गलबल्यांत ज्यानें उत्तर द्यावयाचें तो विद्यार्थी मात्र बहुधा गप्प असतो. त्या गप्प बसलेल्याला बोलतें करणें हाच ज्याचा व्यवसाय, अशा एका गृहस्थाची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विद्यापीठांतून त्याला हल्लीं 'करिअर समुपदेशक' म्हणतात. नांव नवें वाटलें तरी काम तितकें नवें नाहीं. ऑक्सफर्ड विद्यापीठानें आपल्या पदवीधरांना कामें मिळावींत म्हणून इ. स. १८९२ मध्येंच एक समिति नेमिली होती. परंतु काम मिळवून देणें निराळें आणि आपणांस कोणतें काम योग्य याचा विचार करावयास शिकविणें निराळें. या दुसऱ्या कार्याचा पाया अमेरिकेंत बॉस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स यांनीं घातला. पार्सन्स यांनीं स्थापत्याचें शिक्षण घेतलें, शाळेंत शिकविलें, वकिली केली आणि पुढें कायद्याचें अध्यापनहि केलें. तेव्हां वाट शोधीत फिरणें म्हणजे काय, हें त्यांना स्वानुभवानें ठाऊक होतें. १९०८ च्या जानेवारींत त्यांनीं व्यवसाय-मार्गदर्शनाचें कार्यालय उघडलें, त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते निवर्तले, आणि त्यांचें या विषयावरील पुस्तक १९०९ मध्यें त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें. त्यांतील सूत्र थोडक्यांत असें : प्रथम स्वतःस ओळखावें, मग निरनिराळ्या व्यवसायांचें स्वरूप, त्यांतील कष्ट, प्राप्ति व भवितव्य जाणून घ्यावें, आणि शेवटीं या दोहोंचा मेळ विवेकानें घालावा.

हें वाचतांना आम्हांस आपल्या शास्त्रग्रंथांची पद्धति आठवली. ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगावयाचे असा आपल्याकडील दंडक. यांतील 'अधिकारी' या शब्दाचा अर्थ हुकूम चालविणारा असा नव्हे, तर त्या शास्त्राच्या अध्ययनास जो योग्य आहे तो. विषय कितीहि थोर असला तरी अधिकारी कोण, हें ठरल्यावांचून ग्रंथ पुढें सरकत नाहीं. आमच्या घरांतून मात्र विषय आणि प्रयोजन यांचीच चर्चा होते. म्हणजे कोणती शाखा आणि किती पगार. अधिकाऱ्याचा प्रश्न तसाच राहून जातो.

आपल्या देशांतहि या कार्यास बराच काळ लोटला आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागानें १९३८ च्या सुमारास त्यास आरंभ केला, मुंबई सरकारनें १९५० मध्यें त्यासाठीं स्वतंत्र कार्यालय काढलें, आणि २०१५ मध्यें केंद्र सरकारनें 'नॅशनल करिअर सर्व्हिस' ही सेवा सुरू केली. तरी या माणसाचें रोजचें काम कसें चालतें, याची कल्पना पुष्कळ घरांत नसते. कोणी त्याला नोकरी लावून देणारा दलाल समजतात, तर कोणी ज्योतिषी. वास्तविक तो यांपैकीं कोणीच नव्हे.

विद्यार्थी प्रथम भेटावयास येतो तेव्हां तो सहसा एकच वाक्य बोलतो : "मी काय करूं, तें सांगा." चांगला समुपदेशक या वाक्याला उत्तर देत नाहीं, तो उलट विचारतो. गेल्या वर्षांत कोणतें काम करतांना वेळेचें भान राहिलें नाहीं? कोणतें काम तूं पुनःपुन्हां पुढें ढकललेंस? कोणत्या कामाबद्दल मित्र तुझ्याकडे धांवत येतात? समजा, विज्ञानशाखेचा एक विद्यार्थी आहे. त्याला प्रयोगशाळेंत गोडी वाटत नाहीं, म्हणून आपणांस कांहींच आवडत नाहीं असें तो म्हणतो. बोलतां बोलतां निघतें, कीं स्नेहसंमेलनाचा जमाखर्च दोन वर्षें त्यानेंच ठेविला आणि एका पैचाहि घोटाळा होऊं दिला नाहीं. त्या कामास तो गुण समजतच नव्हता. कारण त्यावर परीक्षेंत प्रश्न येत नाहीं.

येथें आम्हां शिक्षकांच्या अनुभवाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. संस्कृतांत शेंकडा नव्वद गुण मिळविणारा प्रत्येक विद्यार्थी संस्कृताचा अभ्यासक व्हावयास जन्मलेला असतो, असें नाहीं. पुष्कळदां त्याला गुण मिळविण्याचें तंत्र तेवढें साधलेलें असतें. गुण, आवड आणि कुवत या तीन भिन्न वस्तु आहेत. गुणपत्रिकेंत त्यांपैकीं एकच छापलेली असते.

बाकीच्या दोहोंचा शोध घेण्यासाठीं समुपदेशकापाशीं कांहीं कसोट्या असतात. स्ट्राँग या मानसशास्त्रज्ञांनीं १९२७ मध्यें आवडीनिवडींची प्रश्नावली तयार केली. १९५९ मध्यें हॉलंड यांनीं मनुष्यांच्या व्यावसायिक प्रवृत्तींचे सहा वर्ग मांडले : हत्यारें व यंत्रें यांत रमणारे, शोध घेणारे, कलेंत रंगणारे, माणसांस साह्य करणारे, माणसांकडून काम करवून घेणारे आणि नियमानें टापटीप ठेवणारे. बहुतेकांच्या ठायीं यांतील दोनतीन प्रवृत्तींचें मिश्रण असतें. परंतु कसोटी म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. ती संभाषणास आरंभ करून देते. निकाल देत नाहीं. जो समुपदेशक केवळ छापील निष्कर्ष हातीं देऊन मुलाची बोळवण करतो, त्याजकडे पुन्हां न गेलेलें बरें. तसेंच विशिष्ट संस्थेंत अगर क्लासांत विद्यार्थी धाडल्याबद्दल ज्याला तिकडून पैसे पोंचतात, त्याचा सल्ला हा सल्ला नसून विक्री आहे. त्याचें शिक्षण काय आणि त्याला पैसे कोण देतो, हे दोन प्रश्न पालकांनीं निःसंकोच विचारावे.

दुसरा टप्पा जगाच्या ओळखीचा. ज्या व्यवसायाची ओढ वाटते त्यांतील दोन माणसांस विद्यार्थ्यानें स्वतः जाऊन भेटावें, त्यांचा सकाळपासून सायंकाळपर्यंतचा दिवस कसा जातो तें विचारावें, आणि शक्य तर सुटींत तेथें उमेदवारी करावी, असें त्याला सांगण्यांत येतें. वकिलीची हौस बाळगणारा विद्यार्थी आठ दिवस न्यायालयांत बसून आला, म्हणजे वकिलाच्या वेळेचा केवढा भाग वाट पाहण्यांत व कागद वाचण्यांत जातो, हें त्याला दिसतें. कोणाची हौस तेथेंच विरते, कोणाची पक्की होते. दोहोंतहि लाभच आहे. अर्ज लिहिण्याची व मुलाखतीची तालीम यानंतर येते.

परंतु समुपदेशकाची खरी परीक्षा होते ती स्पर्धापरीक्षांच्या बाबतींत. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील अभ्यासिकांतून पहांटेपासून रात्रीपर्यंत वाचीत बसलेले तरुण ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावयास नको. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला लाखों अर्ज येतात. २०२३ च्या परीक्षेंतून अखेर १०१६ उमेदवारांची शिफारस झाली. खुल्या वर्गास वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा वेळां बसतां येतें. म्हणजे कायदा तरुणाला सहा संधि देतो. पण त्या सहाहि संधि घ्याव्या कीं नाहीं, हें मात्र कोणीच त्याच्याशीं बोलत नाहीं. एकदां थोडक्यांत हुकलें, कीं घर म्हणतें, "आणखी एक वर्ष." असें एकेक करतां करतां तारुण्याचीं पांचसहा वर्षें निघून जातात, आणि तिशीच्या घरांतल्या त्या मुलाला आपल्याच घरांत मान वर करून बोलणें कठीण होतें. शहाणा समुपदेशक त्याला परीक्षेपासून परावृत्त करीत नाहीं. तो आरंभींच दोन गोष्टी कागदावर लिहून घेतो : किती वेळां बसावयाचें, आणि न साधल्यास दुसरी वाट कोणती. मन शांत असतांना ठरविलेली मर्यादाच निराशेच्या दिवसांत उपयोगीं पडते.

मुलींच्या बाबतींत अडचण थोडी निराळी असते. त्यांना शिकवूं नये असें आमच्या घरांतून आतां कोणी म्हणत नाहीं. पण "स्थळ कोठचें येईल कोण जाणे, मग पाहूं" या एका वाक्यानें त्यांचा निर्णय वर्षानुवर्षें लांबणीवर पडतो. पदवीचें मखर करून तें भिंतीला टांगण्यापेक्षां, ज्या मुलीला आपलें काम ठाऊक आहे ती कोणत्याहि गांवीं गेली तरी पाय रोवून उभी राहील, हें वडील मंडळींनीं ध्यानांत घ्यावें.

शेवटीं दैवयोगाचाहि विचार केला पाहिजे. अमेरिकन समुपदेशनशास्त्रज्ञ क्रुम्बोल्ट्झ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ मध्यें असें प्रतिपादिलें, कीं मनुष्याच्या व्यवसायाला वळण लावण्यांत अकल्पित घटनांचा वांटा मोठा असतो. म्हणून कुतूहल, चिकाटी, लवचिकपणा, आशा आणि थोडें धाडस हे गुण अंगीं बाणवावे, म्हणजे संधि दारांत आली असतां ती ओळखतां येते. पदवीच्या वर्षीं घेतलेला निर्णय हा जन्माचा शिक्का नव्हे. पूर्वींची एकाच कचेरींतून सेवानिवृत्त होण्याची रीत हल्लींच्या तरुणांच्या वांट्यास फारशी येणार नाहीं. तेव्हां एक नोकरी निवडून देण्यापेक्षां निवड करावयास शिकविणें हेंच अधिक मोलाचें.

याकरितां घरानें काय करावें? मुलाला समुपदेशकाकडे पाठवावें, पण पहिल्या भेटींत त्याच्याबरोबर आंत बसूं नये. वडिलांच्या उपस्थितींत मुलगा वडिलांचेंच उत्तर देतो. तो परत आल्यावर तेथें काय बोलणें झालें याची उलटतपासणी करूं नये. घरांतून किती वर्षें व किती पैसा पुरवितां येईल, हें मात्र त्याला स्पष्ट सांगावें; कारण ही माहिती लपवून ठेवणें म्हणजे त्याला डोळे बांधून चालविणें होय. आणि पानावर बसल्यावर "पुढें काय?" असें विचारण्याची संवय सुटत नसेल, तर विचारून झाल्यावर थोडा वेळ स्वस्थ बसावें. उत्तर यावयास वेळ लागतो. पण तें त्याचें स्वतःचें असतें.