यकृताची जबानी

रक्ततपासणीच्या अहवालात एसजीपीटीसमोर ८६ हा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी ४० ही कमाल मर्यादा नमूद असते, आणि तेवढ्यावरून घरातील कर्त्या माणसाचे यकृत निकामी झाले असे समजून सारे घर हवालदिल होते. उलट दुसऱ्या एखाद्या घरी ३४ हा आकडा वाचून, पायांवर सूज आणि पोटात पाणी असलेल्या रोग्यालाही यकृत निर्दोष असल्याचा दाखला बिनदिक्कत दिला जातो. हे आकडे यकृताचे सामर्थ्य मोजतात, हा दोन्हींच्या मुळाशी असलेला गैरसमज होय. वस्तुतः पेशींना इजा झाली म्हणजे त्यांच्यातील विकरे रक्तात उतरतात, आणि त्या विकरांचेच हे मोजमाप असते; साक्षीदाराने घडल्या दुखापतीची जबानी द्यावी, फैसला करू नये, इतकाच त्यांचा अधिकार.

अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर नेण्याची जी क्रिया ही विकरे घडवतात, ती १९३७ साली सोव्हिएत रशियात ब्राउनश्टाइन आणि क्रिट्समान यांनी उजेडात आणली. तथापि रुग्णाच्या खाटेपर्यंत ती पोहोचली १९५४ साली, न्यूयॉर्कमध्ये. आणि तीही यकृताच्या नव्हे, हृदयाच्या निमित्ताने. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एसजीओटी, म्हणजे एसजीपीटीच्याच जातीचे दुसरे विकर, वाढते, असे लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवून दिले. ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण किती वेगाने घटते यावरून विकराची क्रियाशीलता मोजण्याची कारमेन यांची युक्ती आजही प्रयोगशाळांतील यंत्रांच्या मुळाशी आहे.

या इतिहासातच एक सावधगिरीची सूचना दडलेली आहे. एसजीओटी हृदयात आणि हातापायांच्या स्नायूंतही विपुल असल्यामुळे, आदल्या दिवशी तालमीत शेकडो जोर-बैठका काढलेल्या पैलवानाचा आकडा यकृत धडधाकट असूनही चढलेला आढळतो. एसजीपीटी मात्र प्रामुख्याने यकृतातले, म्हणून त्याची साक्ष अधिक नेमकी. विषाणुजन्य काविळीच्या ऐन भरात दोन्ही आकडे हजाराच्या घरात जातात. मद्यपानाने बिघडलेल्या यकृतात ते सहसा तीनशे-चारशेच्या आत राहतात, पण एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असते. आणि मेदाने भरलेल्या यकृतात बहुधा एसजीपीटीच किंचित वरचढ ठरते. अल्कलाइन फॉस्फेटेज हे अहवालातील आणखी एक विकर वाढले, तर पित्तमार्गातील अडथळ्याची शंका घ्यावी. परंतु ते हाडांतूनही येत असल्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांत, आणि वारेतून येत असल्यामुळे गरोदर स्त्रियांत, ते स्वभावतःच अधिक असते, आणि ते यकृताचेच की हाडांचे, याचा उलगडा जीजीटी या आणखी एका विकराच्या तपासणीने होतो.

सामर्थ्याचा अदमास घ्यावयाचा तर नजर अन्यत्र वळवावी लागते: यकृत जे घडवते ते अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा प्रोथ्रॉम्बिन काळ, आणि यकृताने निचरा करावयाचे बिलिरुबिन. यकृत व्रणांनी आकसते त्या सिऱ्होसिसमध्ये पेशीच फारशा उरत नाहीत, म्हणून विकरे पुष्कळदा सामान्य दिसतात आणि अल्ब्युमिन मात्र खालावलेले असते. तीव्र यकृतदाहात तर याहून भयंकर प्रसंग येतो: हजारांवरून आकडे झपाट्याने उतरतात, नातलग निःश्वास टाकतात, पण प्रोथ्रॉम्बिन काळ लांबत असेल, तर ती उतरण पेशींच्या संहाराची असते आणि क्षणाचाही विलंब परवडत नाही.

मर्यादेबद्दलही विवेक हवा. निरोगी गणलेल्या लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ती ठरते. अर्थात त्यांतील काहींचे आकडे रोग नसतानाही बाहेर पडतात, तर मूळ गटात मेदयुक्त यकृताची माणसे शिरली असतील, तर ती मर्यादा उगाच सैल होते. औषधांचा तपास तितकाच अगत्याचा, मग ते क्षयावरील आयसोनियाझिड असो, पॅरासिटामॉलचा अतिरेक असो वा घरचा काढा असो. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती.

म्हणून एका कागदावरून भयभीत होऊ नये, आणि निर्धास्तही होऊ नये. जुने अहवाल तारीखवार लावून, घेतलेली प्रत्येक गोळी, काढा आणि मद्य निःसंकोच सांगून वैद्यासमोर बसावे. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. हिपॅटायटिस बी आणि सी तसेच साखर यांची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. मेदयुक्त यकृत असलेल्या स्थूल माणसाने वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवले, तर यकृताचा दाह पुष्कळदा ओसरतो. ती वाट वेळीच धरता यावी, हेच या तपासणीचे खरे प्रयोजन आहे.