अश्वशक्तीचा ताळेबंद : जुन्या स्पोर्ट्स कारमधील बदललेल्या इंजिनाची कसोटी

जुन्या, अभिजात स्पोर्ट्स कारमध्ये अधिक सामर्थ्याचे इंजिन बसविणे हा इंग्लंड-अमेरिकेतील मोटारप्रेमींचा फार जुना छंद आहे. काम खर्चाचे असते. ते पूर्ण झाले की मालक मोठ्या अभिमानाने अश्वशक्तीचा आकडा सांगतो. परंतु तो आकडा बहुधा इंजिनाच्या माहितीपत्रकातून उचललेला असतो. चाकांपर्यंत प्रत्यक्षात किती शक्ती पोहोचते, हे मोजल्याखेरीज कळत नाही. ही मोजणी कशी होते आणि तिच्यातून हाती आलेला आकडा कसा वाचावा, याचा येथे थोडक्यात परिचय करून घेऊ.

एका गाडीचे उदाहरण

ब्रिटिश कंपनी एमजीने १९६२ मध्ये ‘एमजीबी’ ही दोन आसनी गाडी बाजारात आणली. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन सुमारे ९५ अश्वशक्तीचे होते. पुढे केन कॉस्टेलो या इंग्रज तंत्रज्ञाने या गाडीत रोव्हर कंपनीचे आठ सिलिंडरचे, ३५२८ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवून दाखविले. मूळ अमेरिकेतील ब्यूक कंपनीने घडविलेले हे इंजिन ॲल्युमिनियमचे होते. त्यामुळे आकाराने जवळजवळ दुप्पट असूनही ते जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा जड नव्हते. १९७३ मध्ये खुद्द कारखान्यानेच ‘एमजीबी जीटी व्ही-८’ ही गाडी काढली आणि १९७६ पर्यंत अशा २५९१ गाड्या तयार केल्या. तिची घोषित शक्ती होती १३७ अश्वशक्ती.

पहिल्या दृष्टिक्षेपात वाढ दिसते ती ४२ अश्वशक्तींची. खरी वाढ मात्र याहून निराळी आहे.

जोर आणि शक्ती

इंजिन ज्या जोराने दांडा फिरविते त्यास ‘टॉर्क’ म्हणतात. हा जोर आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले की शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. एक ब्रिटिश अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

जुने इंजिन ३००० फेऱ्यांना सुमारे १४९ न्यूटन-मीटर जोर देई. म्हणजे सुमारे ६३ अश्वशक्ती. नवे इंजिन २९०० फेऱ्यांनाच सुमारे २६२ न्यूटन-मीटर देई. म्हणजे सुमारे १०७ अश्वशक्ती. नेहमीच्या चालविण्यात इंजिन याच वेगाने फिरत असते आणि तेथे वाढ सत्तर टक्क्यांच्या आसपास भरते. कमाल आकड्यांतील वाढ मात्र चव्वेचाळीस टक्केच आहे. म्हणूनच जाणकार एका कमाल आकड्यावर समाधान मानीत नाहीत. फेऱ्यांच्या संपूर्ण पल्ल्यातील शक्तीचा आलेख ते मागतात.

सकल आणि निव्वळ

बँकेच्या वाचकांना सकल व निव्वळ उत्पन्नातील भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इंजिनाचेही तसेच आहे. अमेरिकेत पूर्वी पंखा, हवेची गाळणी, सायलेन्सर इत्यादी जोडण्या न लावता मोजलेली सकल शक्ती जाहीर करीत. १९७२ च्या गाड्यांपासून निव्वळ शक्ती सांगण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी शेव्हरोले कॉर्व्हेटचे मूलतः तेच ५.७ लिटरचे इंजिन १९७१ मध्ये २७० अश्वशक्तीचे, तर १९७२ मध्ये २०० अश्वशक्तीचे ठरले. त्या काळातील अमेरिकन इंजिन विकत घेऊन बसविणाऱ्याने आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे प्रथम पाहावे.

चाकांवरील मोजणी

गाडीतून इंजिन न उतरविता शक्ती मोजण्याच्या यंत्रास चॅसी डायनमोमीटर म्हणतात. गाडीची चालक चाके मोठ्या रुळांवर ठेवून ती पट्ट्यांनी घट्ट बांधतात. एका प्रकारच्या यंत्रात जड रूळ किती वेगाने गती घेतो यावरून शक्ती काढतात. दुसऱ्या प्रकारात रुळाला ब्रेक लावून त्यावर पडणारा जोर मोजतात. गिअर शक्यतो असा निवडतात की, गिअरबॉक्समधून फेरे जसेच्या तसे पुढे जावेत. एमजीबीत तो चौथा गिअर होय.

येथे मिळते ती चाकांवरील शक्ती. गिअरबॉक्स, मागील आस व टायर यांतील घर्षणात काही भाग खर्ची पडलेला असतो. ठरावीक टक्केवारी मिळवून इंजिनाची शक्ती सांगण्याची प्रथा आहे. पण ती टक्केवारी अंदाजाची असते. हवेचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून १००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ११ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून तापमान व दाब लक्षात घेऊन आकडा प्रमाणित स्थितीत आणावा लागतो. टायरमधील हवा आणि बांधणीचा ताण बदलला तरी उत्तर बदलते.

यावरून एक सोपा नियम निघतो. इंजिन बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर, त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये व तेवढ्याच टायरदाबाने चाचणी घ्यावी. प्रत्येक वेळी किमान तीन फेऱ्या कराव्यात. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, पण एकाच यंत्रावरील फरक विश्वसनीय असतो.

आकड्यापलीकडे

चाचणीचा मोठा लाभ सुरक्षिततेचा आहे. पूर्ण भारावर इंधनाचे प्रमाण अपुरे असल्यास पिस्टन जळू शकतात. धुरातील वायूंच्या मापनावरून हा दोष वेळीच लक्षात येतो. शिवाय वाढलेली शक्ती गाडीच्या इतर अंगांना पेलावी लागते. एमजीच्या कारखान्याने व्ही-८ गाडीत पुढील ब्रेकच्या तबकड्या अधिक जाड केल्या आणि मागील आसाचे गुणोत्तर ३.९१ वरून ३.०७ वर आणले. घरगुती बदलात नेमका हाच खर्च टाळण्याचा मोह होतो.

आपल्याकडे अशा बदलास कायद्याची मर्यादाही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास मनाप्रमाणे करता येत नाही. नोंदणीपुस्तकाशी न जुळणारे इंजिन विम्याच्या दाव्यातही अडचण उभी करू शकते. म्हणून बदललेली जुनी गाडी विकत घेणाऱ्याने दोन कागद अवश्य मागावेत : नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता आणि चाचणीचा आलेख. आलेखावर यंत्राचा प्रकार, तापमान आणि दुरुस्तीचा गुणक लिहिलेला नसेल, तर त्यावरील अश्वशक्तीचा आकडा किमतीचा आधार मानू नये.