माशीवर मासा, वाहती नदी आणि आपली तापी



गेले काही महिने कोसाड-अमरोलीकडची तरुण पोरं एकच गोष्ट विचारतात. मोबाईलवर बघितलेलं असतं: पहाडातली निळीशार नदी, गुडघाभर पाण्यात उभा माणूस, डोक्यावरून दोरा चाबकासारखा फिरवतोय, आणि दोऱ्याच्या टोकाला ना गांडूळ, ना कणकेचा गोळा. नुसती पिसाची माशी. मासा येतो, धरतो, माणूस त्याला हातात घेतो आणि परत सोडून देतो! मग प्रश्न येतो, "दादा, हा काय प्रकार? आणि आपल्या तापीत जमेल का?"

याला फ्लाय फिशिंग म्हणतात. आपण माशीची गळ म्हणू. तापीत जमेल का, याचं उत्तर थोडं हो आणि बरंचसं नाही. नाही का, ते आपल्या पोटाशी जोडलेलं आहे, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी हात कसा चालतो ते बघू. आपल्या साध्या गळाला शिसं असतं. शिसं पुढे जातं, तंगूस त्याच्या मागे जातो. माशीला वजनच नाही. दोन पिसं, थोडे केस, रंगीत धागा आणि बारीक गळ, एवढाच संसार. मग ती वीस-पंचवीस हात लांब जाते कशी? वजन असतं दोऱ्यात. हा दोरा जाड, वरून गुळगुळीत आवरण असलेला, आणि तोच फेकायचा असतो. त्याच्या पुढे निमुळता होत जाणारा आठ-नऊ फूट तंगूस, आणि त्याच्या टोकाला माशी.

काठी वर उचलून मागे न्यायची आणि थांबायचं. मागे दोरा पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे मारायचं. काठीचं टोक घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्येच फिरतं, त्याच्या बाहेर गेलं की दोरा पाण्यावर कोसळतो. नवखा माणूस ताकद लावतो आणि माशी स्वतःच्याच टोपीत अडकवून घेतो. माझंही तेच झालं होतं, कान थोडक्यात वाचला. मागे झाडी असेल तर दोरा पाण्यावरूनच ओढत आणून पुढे गुंडाळी सोडायची, तीही एक रीत आहे. खरं सांगू? फेकजाळं फेकणाऱ्याला हे शहरी माणसापेक्षा लवकर जमतं. मनगट कधी सोडायचं आणि पाण्यात मासा कुठं उभा असेल, ही दोन्ही शिक्षणं त्याला घरातूनच मिळालेली असतात.

ट्राऊटसाठी नऊ फुटांची, पाच नंबरची हलकी काठी लागते. पाण्यावर तरंगणारी माशी टाकायची, ती प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, ओढायची नाही. महसीरसाठी आठ ते दहा नंबरची काठी, आणि माशी म्हणजे लहान माशासारखी दिसणारी मोठी पिसारी. ती प्रवाहाला आडवी टाकून खाली झुलू द्यायची, मग हाताने दोरा थोडा थोडा ओढायचा. झटका बसला की काठी वर उचलायची नाही, डाव्या हाताने दोरा जोरात खेचायचा. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि त्यांनी तो शिंपले फोडतो. कच्चा गळ तर चेपून टाकतो. नदीकाठचं उंबर-जांभूळ पाण्यात पडतं तेही तो खातो, म्हणून काही जण फळासारखी माशी बांधतात. आपल्याकडे याला कुठे खडस म्हणतात, कुठे खडशी.

हा मासा किती मोठा होतो? १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एका शिकाऱ्याने काबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर धरला, म्हणजे साधारण ५४ किलो. गळाने धरलेला तोच सगळ्यात मोठा म्हणून आजही सांगतात. तो अर्थात माशीवर नव्हता.

आता सोडून देण्याचं. आपल्या माणसाला हे पटत नाही, मलाही आधी पटलं नव्हतं. हातात आलेली लक्ष्मी पाण्यात कशाला सोडायची? पण हिमाचलात कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्याचं उदाहरण बघा. इंग्रजांनी आणलेला ट्राऊट तिथं आहे. मत्स्य खात्याचा परवाना काढून लोक गळ टाकतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राऊटची बंदी पाळतात. येणारा माणूस दोन-चार दिवस राहतो, जेवतो, वाटाड्या घेतो. एकच मासा गावाला पुन्हा पुन्हा पैसे देतो. याच नदीवर जलविद्युत प्रकल्प येणार होते. माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकऱ्यांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि प्रकल्प रद्द झाले. वाहत्या पाण्यावर गावाचं पोट होतं, म्हणून ते भांडू शकले.

जायचं असेल तर सुरतहून चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे बसने औट आणि बंजार. महसीर बघायचा असेल तर उत्तराखंडात सरयू आणि महाकालीचा संगम पंचेश्वरला आहे, किंवा कॉर्बेटच्या बाहेर मार्चुल्याजवळ रामगंगा. दक्षिणेत कुर्गमध्ये वालनूरला कावेरीवर परवाना घेऊन गळ टाकतात, मासा सोडायच्या अटीवर. पाणी नितळ असेल तेव्हाच जा, गढूळ पाण्यात माशी दिसत नाही. आणि अभयारण्यात गळ टाकायचा नाही, हा कायदा आहे. निघायच्या आधी तिथल्या मत्स्य आणि वन खात्याला विचारून घ्या.

कावेरीचं नाव आलं, तिथं थोडं थांबू. कर्नाटकात भीमेश्वरी, दोड्डमकळी आणि गालिबोरे इथं गळाचे तळ होते. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारी काही माणसं तिथं वाटाडे झाली, नदीची राखण करायला लागली. तो पट्टा अभयारण्यात येत होता, म्हणून २०१२ च्या सुमारास गळ बंद झाले. रोजगार गेला आणि राखणही सैल झाली. कायदा चुकीचा असं मी म्हणत नाही. पण नदीवर रोज हजर असणारा माणूस उठवला की त्याची जागा कोण घेतं, हे आपल्याला सांगायला नको.

गालिबोरेच्या तळावर एक चांगली सवय होती. प्रत्येक माशाची नोंद व्हायची: तारीख, वजन, कुठल्या जातीचा. १९९८ ते २०१२ अशा नोंदी साठल्या, सहा हजारांवर महसीर. पुढे अभ्यासकांनी त्या वह्या उघडल्या तेव्हा एक धक्कादायक गोष्ट कळली. एकूण महसीर वाढत होते, पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर जवळजवळ संपत आला होता. त्याची जागा निळसर परांच्या महसीरने घेतली होती.

हा निळसर परांचा आला कुठून? आपल्या लोणावळ्याहून! टाटांच्या वळवण तलावावर १९७० च्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम मोठं होतं, देशात नाव झालं, आणि बीज चांगल्या हेतूने अनेक राज्यांत गेलं. कावेरीतही सोडलं गेलं. बाहेरचं बीज जोरात वाढलं, घरचा मासा मागे पडला. २०१८ साली त्या उंचवट्याच्या महसीरची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या यादीत गेला. नदीत बीज सोडताना आपण संख्या मोजतो आणि फोटो काढतो. बीज कुठल्या नदीचं, हे कोण विचारतं?

आता घरी येऊ. तापी मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर वाहते, आणि डुमसजवळ समुद्राला मिळते. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात, अशी तीन राज्यं. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महसीर हा राज्यमासा केला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेट निवडला, गुजरातने घोळ. दोन्ही मासे चांगलेच, पण दोन्ही समुद्राचे. खालच्या दोन राज्यांत नदीच्या माशाचा नंबर लागला नाही. नर्मदा आणि तापीतही महसीर होता, त्याच्या जुन्या नोंदी आहेत.

आपल्यापैकी बरेच जण खान्देशातून इथं आलो. भुसावळ-सुरत लाईनीवर बसलो, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा करत उतरलो, लूमखात्यात लागलो. दिवाळीला त्याच गाडीने परत जातो. आता समजा एक मासा कॉजवेखालून त्याच गावाला निघाला. पहिला अडथळा रांदेर-सिंगणपोरचा कॉजवे, १९९५ चा, शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. मग काकरापार, १९५४ चा. मग उकाई, १९७२ चं, ऐंशी मीटरच्या आसपास उंच. तेही समजा ओलांडलं, तर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे असे तीन बॅरेज आणि शेवटी हतनूर. सात दारं, आणि माशाला तिकीट कुठल्याच दारात मिळत नाही.

हे का महत्त्वाचं? पाला, म्हणजे भरूचकडची चाक्सी, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात वर चढतो. जिताड्याचं उलटं: अंडी खाडीच्या खारट पाण्यात, पिल्लं वाढायला नदीत वर. दोघांनाही रस्ता मोकळा लागतो. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बॅरेज सुरू झालं. त्याआधी पाला अलाहाबादपर्यंत चढायचा, नंतर वरच्या गावांत तो जवळजवळ दिसेनासा झाला. नर्मदेवर भाडभूतच्या बॅरेजविरुद्ध तिथल्या मच्छीमारांनी आवाज उठवला तो याच भीतीने. आणि आपल्याकडे रुंढ-भाठा दरम्यान कॉजवेच्याही खाली आणखी एक बॅरेज होतंय.

शहराला पाणी लागतंच. आपणही तेच पाणी पितो, कोसाड आवासच्या नळालाही पाणी यायलाच हवं. २००६ चा ऑगस्ट ज्याने बघितलाय तो धरण नकोच असंही म्हणणार नाही. पण बांधकामात माशासाठी पायऱ्यांची वाट ठेवता येते, जगात ठिकठिकाणी ठेवलेली आहे. त्या वाटेचा उतार आणि ती कुठल्या महिन्यात उघडी ठेवायची, हे माशाच्या जातीवरून ठरवावं लागतं. म्हणून ही मागणी काँक्रीट ओतायच्या आधी करायची असते. नंतर नुसते अर्ज राहतात.

मग पोरांच्या प्रश्नाचं उत्तर काय? कॉजवेच्या वर पाणी थांबलेलं असतं. उन्हाळ्यात जलपर्णी पसरते, सांडपाण्याचा वास येतो. तिथं माशीवर टिलापिया लागेल, काठाच्या गवतात मरळ लागेल. मरळसाठी बेडकासारखी तरंगती माशी बांधा, सकाळी लवकर जा. कॉजवेखाली भरती चढताना जिताडा मिळू शकतो, पिसारी माशी पांढरी ठेवा. पावसाळ्यात कॉजवेवरून पाणी जातं तेव्हा मात्र तिकडे फिरकू नका, रस्ता बंद असतो तो उगाच नाही. महसीरची आशा इथं धरू नका. सोडायचा मासा असेल तर हात ओले करा, गळाचं उलटं टोक पकडीने आधीच चेपून ठेवा, कल्ल्यांना बोट लावू नका, आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरा, स्वतः निघेपर्यंत. एप्रिल-मेच्या गरम पाण्यात सोडलेला मासाही बऱ्याचदा मरतो, तेव्हा त्या दिवसांत खेळ नकोच.

महागडी काठी घेऊ नका अजून. आधी एक वही घ्या, गालिबोरेवाल्यांसारखी. कॉजवेखाली जाळं टाकणाऱ्या प्रत्येकाने तारीख, भरती की ओहोटी, मासा कुठला, वजन किती, एवढंच लिहावं. बॅरेज पूर्ण झाल्यावर "इथं पूर्वी काय होतं" असं कुणी विचारलं, तर दाखवायला आपल्या हातात काहीतरी असेल.

आणि घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना आजच विचारा: तापीत शेवटचा पाला जाळ्यात कधी आला होता? साल, महिना, कुठल्या ओवाऱ्याजवळ, किती किलोचा. आठवेल तेवढं आम्हाला लिहून पाठवा. वहीचं पहिलं पान त्यांच्या आठवणींसाठी राखून ठेवलंय.