अंगदुखीची गोळी सुटत नाही? हा आजार आहे, उपचार मिळतात

चुडावा (ता. पूर्णा) : ऊस तोडून, पोती उचलून अंग ठणकतं म्हणून एक गोळी घेतली. बरं वाटलं. मग रोज एक, पुढं तीन-चार. ट्रामाडॉलच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध डॉक्टरांना न विचारता घेत राहिलं, की सवय अशीच लागते. ही औषधं मेंदूवर अफूसारखंच काम करतात. एक दिवस चुकला तरी नाका-डोळ्यांतून पाणी, जांभया, जुलाब, अंगदुखी सुरू होते, झोप लागत नाही. हे नाटक नव्हे, आजार आहे.

कोंडून, मारून, शपथ घालून तो जात नाही. उलट काही दिवस बंद ठेवून पुन्हा जुन्याच प्रमाणात घेतलं, तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो. माणूस उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

उपचारात डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी देऊ शकतात. तिनं तलफ आणि त्रास कमी होतो. उपचार काही महिने, कधी त्याहून जास्त चालतात. मधेच सोडू नयेत.

जायचं कुठं? नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. आधी बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर लावा. पोलिसांची भीती नको: स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.