तिन्हीसांजेची शेतीशाळा

शंखी गोगलगाय दिवसा सहसा नजरेला पडत नाही. बांधाच्या दगडाखाली, गवताच्या बुडाशी, उकिरड्याच्या ओलीत ती दडून राहते आणि दिवस मावळला की कोवळ्या सोयाबीनवर चढते. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत तिनं उगवती रोपंच फस्त केली; अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. सल्ला देणारे पुष्कळ असतात. पण वैरी अंधारात येत असेल, तर भर दुपारी मंडपाखाली सांगितलेली माहिती कानावरून जाते. लातूर जिल्ह्यातल्या मुरुड भागातल्या शेतीशाळा पावसाळ्याच्या तोंडाला तरी संध्याकाळी, रानातच भरायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

शेतीशाळा जन्मली भाताच्या रानात, इंडोनेशियात. तिथं तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता आणि फवारणी वाढेल तसे तुडतुडेही वाढत होते, कारण त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक औषधानं आधी मरत. १९८६ साली तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. मग १९८९ पासून, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं, पंचवीस-तीस शेतकऱ्यांचे गट हंगामभर दर आठवड्याला एकाच शेतात जमू लागले. पानामागच्या किडी मोजायच्या, मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढून एका अंगाला शत्रू, दुसऱ्या अंगाला मित्र मांडायचे आणि फवारायचं की थांबायचं हे गटानंच ठरवायचं.

आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळेचा सांगाडा आजही हाच आहे. २००८च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन चाळून टाकलं, त्यानंतर ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प आला आणि त्याच्या जोडीनं शेतीशाळाही भरल्या. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पातून निवडलेल्या गावांत शेतीशाळा चालल्या. वेळ मात्र बहुतेक दिवसाचीच राहिली.

आता मुरुडजवळच्या एखाद्या आखाड्यावर जूनअखेरची संध्याकाळ धरा. लातूर-बार्शी रस्त्यावरचं हे गाव, भोवती सोयाबीन आणि ऊस, उसामागोमाग गुऱ्हाळं. त्याच गुळाचं पाणी करून त्यात बारदान भिजवायचं आणि सांजेला बांधाच्या कडेनं, सोयाबीनच्या ओळींत ठिकठिकाणी पसरायचं. वासानं आणि ओलीनं गोगलगायी पोत्याखाली गोळा होतात. त्या वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. हातमोजे घालूनच, कारण तिच्या अंगात माणसाला अपाय करणारे कृमी असू शकतात. शंखी गोगलगाय उभयलिंगी असते. प्रत्येक जीव अंडी घालू शकतो आणि एका खेपेला शंभराहून अधिक अंडी भुसभुशीत मातीत पुरू शकतो. म्हणून पहिल्या पावसानंतरचे काही दिवस ज्यानं वेचणी केली, त्यानं पुढची मोठी फौज रोखली. हे वेचण्याचं काम एकट्या शेताचं नाही. शेजारचा बांध तसाच राहिला, तर चार दिवसांत ती परत आपल्याकडे. चुन्याची फक्की कडेनं टाकतात, पण पावसात ती वाहून जाते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरायच्या, तर कुत्री, कोंबड्या, जनावरं तिकडे फिरकणार नाहीत याची आधी व्यवस्था हवी.

त्याच संध्याकाळी दुसरा धडा कडुनिंबाखाली घेता येतो. हुमणीचे भुंगेरे वळवाचा किंवा मिरगाचा पाऊस झाला, की अंधार पडता पडता जमिनीतून निघून निंब-बाभळीवर पाला खायला बसतात. फांदी हलवायची, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, जवळ दिवा आणि पाण्याचं घमेलं ठेवून प्रकाश सापळा लावायचा. हुमणीची वर्षाला एकच पिढी. हे पंधरा-वीस दिवस हुकले, की ऑगस्ट-सप्टेंबरात मुळं कुरतडलेला ऊस आणि पिवळं पडलेलं सोयाबीन बघत बसावं लागतं. तेव्हा अळी मातीत खोल असते आणि औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. चाळीस गड्यांनी एका संध्याकाळी चार निंब हलवून पाहिले, तर हे दहा भाषणांपेक्षा पक्कं डोक्यात बसतं.

काळजीही तितकीच घ्यायला हवी. पावसाळ्यातला अंधार म्हणजे मण्यार आणि घोणस. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि प्रत्येकाच्या हातात बॅटरी नसेल, तर शाळा भरवू नये.

खरी अडचण वेगळी आहे. खुरपणी, वेचणी बायका करतात, गोगलगायी वेचायलाही त्याच वाकतात. आणि तिन्हीसांजेला धार, चूल, लेकरं सगळं त्यांच्याच अंगावर. संध्याकाळच्या शाळेत पुरुषच बसले, तर ज्यांच्या हातून काम होणार त्याच बाहेर राहतात. कृषी विभागानं महिलांच्या स्वतंत्र शेतीशाळा घेतल्या आहेत, त्याची जोड इथं हवी. रात्री पसरलेली पोती सकाळी उचलावीच लागतात आणि उजाडेपर्यंत गोगलगायी तिथंच असतात; बायकांचा वर्ग खुरपायला जाण्याआधी त्याच पोत्यांपाशी घ्यावा, आणि त्या दिवशीची धार घरातल्या गड्यानं काढावी.